पहिल्या पानावरचं प्लास्टर

"कॅरीज स्पाइन," मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि दोन मणक्यांच्या मध्ये बोट ठेवलं. "म्हणजे मणक्याचा क्षय. इथं हाड किडलंय. असंच सोडलं तर पाठीला बाक येईल, पायांतली ताकदही जाऊ शकते."

आप्पा, म्हणजे माझे वडील, मिलच्या खाकी कपड्यांतच आले होते. ते म्हणाले, "डाक्टरसाहेब, टीबी छातीला हुतो की. हिला खोकलाबिकला कायबी न्हाय."

"हाडालाही होतो. खोकल्याची वाट बघत बसला असता तर पोरगी अंथरुणाला खिळली असती."

मी विचारलं, "मी पळणार कधी?"

डॉक्टरांनी उत्तर दिलं ते आप्पांकडे बघून. "आधी तिला नीट चालता येऊ दे. पळायचं विसरा आता."

प्रश्न मी विचारला होता. पाठ माझी, पाय माझे, आणि 'विसरा' सांगितलं ते वडिलांना. मला आजार कळला त्या क्षणी भीती वाटली असं मी खोटं लिहिणार नाही. मला राग आला. पुढचे सगळे महिने मी त्या रागावरच काढले. तुमच्यापैकी कुणाला असलं दुखणं आलं तर लोक म्हणतील मन शांत ठेवा. ठेवता आलं तर ठेवा. माझं राहिलं नाही, आणि त्यानं माझं काही बिघडलंही नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ही गोष्ट. मी अकरावीत होते आणि सोलापुरातल्या एका मंडळाकडून खो-खो खेळत होते. माझी खासियत पळतीची. पाठलाग करणाऱ्या पोरीला खांबापाशी हुलकावणी द्यायची आणि पाटीवर बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळत सुटायचं, हे मला झोपेतही आलं असतं. त्यामुळे पाठ दुखायला लागली तेव्हा सगळ्यांनी खेळालाच दोष दिला. आईने मलम चोळलं. मंडळाच्या बाई म्हणाल्या, गार पाणी पिऊन लगेच बसत जाऊ नकोस. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, भाकरी अर्धी राहायची, फ्रॉकची शिवण सैल पडत चालली होती. तरी मी मैदानावर जातच होते.

डॉक्टरांनी मात्र मला तपासताना एक साधी गोष्ट केली. जमिनीवर नाणं टाकलं आणि म्हणाले, उचल. मी वाकले नाही. पाठ ताठ ठेवून, गुडघ्यांत मुडपून खाली बसले आणि मग नाणं घेतलं. आपण असं करतो हे माझ्या ध्यानातही नव्हतं. घरात कुणी असं लाकडासारखं बसून वस्तू उचलायला लागलं, तर कृपा करून मलमाच्या नादी लागू नका.

आईने चाळीत सांगितलं की शकूची कंबर लचकली आहे. नातेपुत्याची आत्या भेटायला आली. तिने दार लावून घेतलं आणि बारीक आवाजात आईला बजावलं, "वयनी, ह्या रोगाचं नाव भाईर जाऊ द्यायचं न्हाय बगा. उद्या सोयरिकीला कोन दारात हुबं ऱ्हानार न्हाय." मी आत पडल्या पडल्या ऐकत होते. दुसऱ्या दिवशी नळावर बायका जमल्या होत्या. मी भिंत धरत धरत गेले आणि ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मला मणक्याचा टीबी झालाय. उडून तुमच्या अंगावर बसत नाही तो. डॉक्टरांनी सांगितलंय." आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पण लपवण्याचं काम संपलं. लपवण्यात किती ताकद जाते ते लपवणं थांबल्यावर कळतं.

मग दवाखान्यात भरती झाले. मला पालथं झोपवून मानेपासून मांड्यांपर्यंत ओलं प्लास्टर थापलं आणि माझ्या पाठीचा साचा काढला. याला प्लास्टर बेड म्हणतात. म्हणजे आपल्याच आकाराचा टणक पाळणा, आणि त्यात उताणं पडून राहायचं. उठायचं नाही, बसायचं नाही, कुशीवर वळायचं तर दोघी आयांनी मिळून वळवायचं. सोलापूरचा उन्हाळा आणि त्यात हे. आत खाज सुटली की आईची विणायची सुई सरकवून खाजवायचं. रोज सकाळी स्ट्रेप्टोमायसीनचं इंजेक्शन. ते क्षयाच्या जंतूंवर चालतं, पण कानात भुणभुण लावतं. शिवाय आयसोनायझिडच्या गोळ्या, आणि 'पास' नावाच्या, मूठभर घ्यायच्या. त्या पोटात गेल्या की जेवण वर यायला बघतं. मी ओकायचे, तोंड पुसायचे आणि राहिलेल्या गिळायचे. आयाबाई म्हणायच्या, "लई तिखट पोर हाय."

उताणं पडलेल्या माणसाला दिसतं काय, तर छत. पंख्याच्या पात्यांवरची धूळ मला पाठ झाली. मी आप्पांना सांगितलं, माझं जपानी पुस्तक आणून द्या.

त्या पुस्तकाबद्दल सांगायला हवं. मी लहान असताना आप्पांच्या मिलमध्ये नव्या मशिनी बसवायला एक जपानी साहेब आले होते. आप्पा फिटर, त्यामुळे दिवसभर त्यांच्याबरोबर. एकदा त्यांना घरी जेवायला आणलं. शेंगाचटणीच्या पहिल्याच घासाला साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी ताट रिकामं केलं आणि वर मान लववून नमस्कार केला. गावी परत जाताना त्यांनी मला आपल्या पिशवीतलं एक जाडजूड, हातात मावेल एवढं पुस्तक दिलं. सगळं चित्रांत. असल्या चित्रकथांना तिकडे मांगा म्हणतात आणि त्यातला खेळ बेसबॉल, एवढं साहेबांनी आप्पांना सांगितलं होतं. वरचं रंगीत कव्हर फाटून गेलेलं होतं. अक्षर तर एक कळत नव्हतं.

पण चित्रं काय होती. शाळकरी पोरं, डोक्याला टोप्या, एका हातात चामड्याचा जाड पंजा, आणि बॅट म्हणावी तर मुसळासारखी गोल. पोरं पळायला लागली की त्यांच्यामागून रेघाच रेघा सुटायच्या, घामाचे थेंब उडायचे, आणि एकेक थेंब बोराएवढा. खो-खो खेळणाऱ्या मुलीला दुसरं काय पाहिजे? जाड भुवयांच्या मुख्य पोराला आम्ही चाळीतल्या मुलांनी बाळू नाव ठेवलं. खांद्यावर टॉवेल टाकलेल्या म्हाताऱ्याला गुर्जी. ते पुस्तक मी इतक्यांदा वाचलं होतं की पानांचे कोपरे गोल झाले होते.

गोष्ट अशी होती. सुरुवातीलाच पोरं मैदानात ओळीने उभी राहतात, टोप्या काढतात, रडतात, आणि गुडघ्यांवर बसून मैदानातली माती उचलून पिशवीत भरतात. यात आम्हाला काही विचित्र वाटलं नाही. आमच्या चाळीमागे तालीम होती. तिथे पैलवान कुस्तीआधी माती उचलून कपाळाला लावतात. जपानची पोरंही खेळाआधी माती घेतात, फक्त जरा जास्त भक्तीने, एवढंच. मग मोठी मॅच होते. मग सराव. सराव अवघड होत जातो, बाळूचे चेंडू भलतीकडे जायला लागतात, तो बारीक होत जातो, लहान दिसायला लागतो. आणि शेवटच्या पानावर त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये असतो. तो भिंतीवर बसून दुसऱ्यांचा खेळ बघत असतो.

आम्ही अंगणात हा खेळ खेळायचोसुद्धा. आधी सगळ्यांनी ओळीत उभं राहून रडायचं, मग खिशात माती भरायची, मग खेळ. खिशातल्या मातीपायी आईचे धपाटे मी भरपूर खाल्लेत. पुस्तकात काही गोष्टी कळत नसत. बाळू चेंडू आधी मारायचा आणि मग कुणीतरी तो टाकायचं. पानांवर कुठे कुठे आकडे होते ते मोठ्याकडून लहानाकडे जायचे. आम्ही म्हटलं, जपानची रीत असेल.

तर हे पुस्तक मी प्लास्टरच्या पाळण्यात पडून, दोन्ही हातांनी तोंडावर धरून पुन्हा वाचायला घेतलं. पहिल्यांदा बरं वाटलं. जुनी ओळखीची तोंडं भेटली. पण या वेळी पानं शेवटाकडे जायला लागली तसा जीव घाबरा व्हायला लागला. लहानपणी मला तो शेवट नुसता वाईट वाटायचा. आता तो माझा वाटायला लागला. हा बाळू खंगत चाललाय. याला कुणीतरी 'विसरा' म्हणून सांगितलंय. शेवटचं पान आलं, तो हात, ते प्लास्टर, ती भिंत. मला हुंदका आला, आणि उताण्या माणसाला धड रडताही येत नाही, पाणी कानांत जातं. मी पुस्तक भिरकावून दिलं.

ते गेलं शेजारच्या खाटेखाली. त्या खाटेवर सलमाआपा होत्या. उर्दू शाळेत लहान मुलींना शिकवायच्या. जिन्यावरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं, पाय वजनं लावून टांगून ठेवला होता. याला ट्रॅक्शन म्हणतात, म्हणजे हाड जागेवर यावं म्हणून पाय सतत ओढून धरायचा. आयाबाईंनी पुस्तक उचलून त्यांच्याकडे दिलं.

"किताब कायकू फेकी गे?" त्यांनी विचारलं.

"शेवट घाण आहे," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा चढवला आणि वाचायला लागल्या. मधेच हसायच्या. मला त्या हसण्याचा राग येत होता, कारण त्या पुस्तकात हसण्यासारखं मला काही उरलं नव्हतं. मग म्हणाल्या, "ये भौंवाला छोकरा भारी जिद्दी है. हात टुटा तो दुसरे हात से फेकना सीखा."

"शेवटी मोडतो त्याचा हात," मी म्हटलं. "शिकणार कधी?"

"आखिर में? पहलेच पन्ने पे तो टुटा हुवा है."

आमची त्यावरून चांगलीच जुंपली. मी म्हणत होते शेवटचं पान, त्या म्हणत होत्या पहिलं. शेवटी त्यांनी हात लांबवून पुस्तक माझ्या डोळ्यांसमोर धरलं. त्यांनी ते त्यांच्या पद्धतीने उघडलं होतं, उजवीकडून. उर्दूची सगळी पुस्तकं तशीच उघडतात, त्यांना दुसरं काही सुचण्याचं कारणच नव्हतं. आम्ही मात्र ते मराठी पुस्तकासारखं डावीकडून उघडलं होतं, आणि इतकी वर्षं मागून पुढे वाचत आलो होतो. एकेक पान, आणि पानातलं एकेक चित्रसुद्धा.

मी मानायला तयार नव्हते. मी एक पान काढायला लावलं, बाळूच्या चेंडूचं. उजवीकडून बघितलं. आधी दुसऱ्या पोराने चेंडू टाकला, मग बाळूने मारला. आकडेही नीट चढत गेले. मी पुस्तक दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून घेतलं.

त्या दुपारी मी ते पुस्तक पहिल्यांदा वाचलं असं म्हटलं तरी चालेल. पहिल्या पानावर प्लास्टर. भिंतीवर बसलेला बारका बाळू. मग प्लास्टर निघतं, पण उजवा हात वर जात नाही. तो डाव्या हाताने भिंतीवर चेंडू मारत राहतो. चेंडू भलतीकडे जातात, कुणाच्या तरी कुंड्या फुटतात, गुर्जी टॉवेलने घाम पुसत ओरडतात. मला वाटलं होतं तो बिघडत चाललाय. तो शिकत होता. पानागणिक तो उंच होत जातो. मी इतकी वर्षं ज्याला खंगलेला समजत होते तो मुळात लहान होता, आणि पुढे वाढणार होता. मी सलमाआपांना म्हटलं, "मी पहिल्या पानावर आहे." त्या म्हणाल्या, "हौ बेटा, और क्या."

मग आम्ही शेवटापर्यंत गेलो, आणि तिथे दुसरा धक्का बसला. मोठी मॅच झाल्यावर एका संघाची पोरं उड्या मारतात, एकमेकांना मिठ्या मारतात. ती बाळूची पोरं नव्हती. त्यांच्या टोपीवरचं अक्षर वेगळं होतं. बाळूची पोरं ओळीत उभी राहून रडतात आणि माती भरून घेतात. म्हणजे ती खेळाआधीची पूजा नव्हतीच. ती हरली होती, आणि जाताना मैदानातली माती घरी घेऊन चालली होती.

सलमाआपा हळहळल्या. "इत्ती मेहनत, और हार गए बिचारे." मीही दोन दिवस रुसून बसले. एवढा हात मोडला, एवढं शिकला, निदान जिंकवायचं तरी त्याला. पण पडल्या पडल्या विचार करायला माझ्याकडे वेळच वेळ होता. मी ती शेवटची पानं पुन्हा पुन्हा बघितली. बाळू रडतोय, पण त्याचे गुडघे सोलवटलेले आहेत, शर्ट मातीने माखलेला आहे, आणि तो मैदानाच्या मधोमध आहे. भिंतीवर नाही. मला जिंकायचं वचन कुणी दिलं नव्हतं आणि मी मागणारही नव्हते. मला मैदानात जायचं होतं. तिथे जाऊन हरले तरी चालणार होतं. हे मला त्या पुस्तकाने शिकवलं असं मी म्हणत नाही. मला हवं ते मी त्यातून उचललं, आणि त्याबद्दल मला कुणाचीही परवानगी नको आहे.

पुढच्या राउंडला मी मोठ्या डॉक्टरांना पुस्तक दाखवलं आणि सगळं सांगितलं. ते घाईत होते, तरी थांबले. म्हणाले, "छान आहे. पण तुझा मणका पुस्तक वाचत नाही. तो गोळ्यांनी जुळणार."

"गोळ्या मी एकही सोडणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही 'पळायचं विसरा' म्हणणं सोडा."

बरोबरचे शिकाऊ डॉक्टर माझ्याकडे बघायलाच लागले. मोठ्या डॉक्टरांनी माझा तक्ता खाली ठेवला. "बरं, विसर म्हणणार नाही. पण पळ असंही म्हणणार नाही. फिल्म काय सांगते ते बघू." हे उत्तर त्यांनी माझ्याकडे बघून दिलं. मला ते पटलं.

दर काही आठवड्यांनी ईएसआर व्हायचा. म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी किती वेगाने खाली बसतात ते बघायचं. वेग जास्त तर आजार जागा आहे. तो हळूहळू उतरत गेला. सलमाआपा माझ्याआधी घरी गेल्या, काठी टेकत. जाताना पुस्तक परत द्यायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, ठेवा, तुमच्या मुलींना नीट वाचता येईल. त्या म्हणाल्या, "नक्को. तेरे कू अभी लगेगा." आणि लागलंच. प्रत्येक एक्स-रेच्या दिवशी, फोटोच्या खोलीबाहेर स्ट्रेचरवर पडून, मी ते पहिल्या पानापासून वाचायचे.

प्लास्टर निघालं त्या दिवशी मला उभं केलं. पाय माझे नव्हतेच. भिंती फिरल्या, कानातली भुणभुण वाढली, आणि मी आयाबाईंच्या अंगावर कलंडले. मग ब्रेस मिळाला. ब्रेस म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा आणि चामड्याचा पट्टा, पाठ ताठ धरणारा. तो घालून घरी आले तेव्हा आत्या पुन्हा हजर. तिच्या गावाकडे कुणी पाठ दाबून रोग उतरवणारा होता. "चार वेळा दाबली की मोकळी हुतीया बग. ती सुया टोचून टोचून पोरीचं रगात आटलं." आणि आप्पा, माझे आप्पा, विचारात पडले. इंजेक्शनांना ते कंटाळले होते, माझ्या ओकाऱ्यांना कंटाळले होते. मला त्यांचा राग नाही. पण मी सांगितलं, "ह्या पाठीला दवाखान्याबाहेरच्या कुणी बोट लावलं तर मी ओरडून चाळ गोळा करीन." आप्पा खाली मान घालून हसले. आत्याला म्हणाले, "ऱ्हाऊ दे आक्का. ही करनार म्हंजी करनारच." औषधं मध्येच सोडू नका एवढंच मी यातून सांगेन. बरं वाटायला लागलं की सोडावीशी वाटतात, आणि तेव्हाच सोडायची नसतात.

वर्ष गेलं, आणखी गेलं. एके दिवशी डॉक्टरांनी नवी आणि जुनी फिल्म शेजारी शेजारी धरल्या. "फ्यूजन झालंय," ते म्हणाले. म्हणजे किडलेले दोन मणके एकमेकांना सांधून एक झाले होते. तिथे पाठ कधीच वाकणार नव्हती, पण मोडणारही नव्हती.

मी पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्यांनी दोन्ही फिल्म पुन्हा उजेडाकडे धरल्या. मग म्हणाले, "हळूहळू सुरू कर. आधी चाल, मग सहा महिन्यांनी धाव. सूर मारायचा नाही, पडायचं नाही. पाय जड वाटले, मुंग्या आल्या, तर त्याच दिवशी माझ्याकडे यायचं." मी त्यांच्या पाया पडायला वाकले. म्हणजे वाकता येईना म्हणून गुडघ्यांत बसले. ते म्हणाले, "राहू दे, कळलं." आजही मी त्यांचं नाव काढलं की आधी तो 'विसरा' आठवतो आणि मग हा दिवस. दोन्ही खरे आहेत.

मंडळात परत गेले तेव्हा माझ्या जागी दुसऱ्या मुली तयार झाल्या होत्या. बाईंनी मला बघून डोळ्यांना पदर लावला. वार्षिक कार्यक्रमात माझा सत्कार करायचं ठरलं, शाल आणि नारळ देऊन, आजारावर मात केली म्हणून. मी बाईंना सांगितलं, मला शाल नको, मला शेवटच्या तुकडीत घ्या. त्या म्हणाल्या, "अगं शकू, लोक काय म्हणतील, मोडक्या पोरीला पळवलं." मी म्हटलं, "मोडके मणके जुळलेत, फिल्म दाखवू का?" सहा महिने चालले, मग पळले. पूर्वीची हुलकावणी येत नव्हती. कंबरेतून वळता येत नाही, तर पायांनीच वळायचं, असं नवीन शिकले. मुली हसायच्या. हसू दे. शेवटी मंगळवेढ्याच्या संघाशी मैत्रीचा सामना ठरला तेव्हा बाईंनी मला घेतलं. तिसऱ्या तुकडीत.

सामन्याआधी आमची कर्णधार त्यांच्या कर्णधाराशी काहीतरी बोलत होती आणि दोघी माझ्याकडे बघत होत्या. मला शब्द ऐकू आले, "पाठीला जपून, हां." त्यांच्या कर्णधाराने लगेच आपल्या सगळ्या मुलींना गोळा करून तेच सांगितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण तोवर तुकडीत उतरायची वेळ आली होती.

मी मैदानात उतरले. पाठलागाला आलेली पहिली मुलगी धिप्पाड होती. तिने मला दोनदा गाठलं आणि दोनदा हात आखडता घेतला. तिचा हात माझ्या पाठीपासून वीतभर लांब थांबला, मी बघितलं. तिला मी आवडले होते म्हणून नव्हे. भीतीने. गेली तीन वर्षं सगळे मला तसंच वागवत होते. आई न्हाऊ घालायची ती पाठ सोडून, मैत्रिणी गळ्यात पडायच्या ते खांद्यावरच. मी पळता पळता ओरडले, "ए, खेळायचं तर खेळ, न्हाय तर बस खाली."

तिने खो दिला. पाटीवरून एक काळीसावळी, काडीसारखी पोरगी उठली. तिचं नाव मला आजही ठाऊक नाही. ती काही बघत नव्हती, काही विचारत नव्हती, ती फक्त माझ्या मागे होती. मी खांबाकडे गेले, पायांनी वळले, आणि तेवढ्यात तिने झेप घेतली. तिचा पूर्ण उघडा तळवा माझ्या पाठीच्या मधोमध, त्या दोन मणक्यांवर, खणखणीत बसला.

पंचांनी माझा नंबर पुकारला, बाद म्हणून. प्रेक्षकांत आई उभी राहिली होती, तोंडावर हात धरून. पाठ चुरचुरत होती. मोडलं काहीच नाही. मी मैदानाबाहेर चालत आले आणि रेषेपाशी उभी राहिले, बाकीच्या बाद झालेल्या मुलींबरोबर. आम्ही तो सामना हरलो.

आभार कुणाचे मानायचे, असं असल्या लेखांच्या शेवटी सगळे लिहितात. डॉक्टरांचे आहेत, आप्पांचे आहेत, सलमाआपांचे तर आहेतच. पण सगळ्यांत आधी मी त्या मंगळवेढ्याच्या पोरीचे मानते. माझ्या पाठीत काय झालं होतं हे तिला सांगितलेलं होतं. ते माहीत असूनही तिने मला इतर कुणालाही मारली असती तशीच थाप मारली.